व्हिटचर्चचा रसायनज्ञ : ज्यूडा क्वास्टेल आणि मेंदूच्या विकारांचा शोध

कार्डिफ शहराच्या उत्तरेस व्हिटचर्च नावाचे उपनगर आहे. तेथील झाडांच्या वरून डोकावणारा विटांचा उंच जलमनोरा दुरूनही ओळखू येतो. मनोऱ्याखालची विस्तीर्ण इमारत आज रिकामी आहे. २०१६ मध्ये तिची दारे रुग्णांसाठी बंद झाली. १९०८ मध्ये ती उघडली तेव्हा तिचे नाव कार्डिफ सिटी मेंटल हॉस्पिटल असे होते. आपल्याकडे येरवडा किंवा ठाणे हे शब्द एका विशिष्ट सुरात उच्चारले गेले की बोलणाऱ्याला गाव अभिप्रेत नाही, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. कार्डिफच्या जुन्या पिढ्यांसाठी व्हिटचर्च हा शब्दही बराचसा तसाच होता.

या इमारतीत १९३० च्या सुमारास एक तरुण रसायनशास्त्रज्ञ संशोधन संचालक म्हणून रुजू झाला. केंब्रिजमधील मानाची जागा सोडून मनोरुग्णालयात येण्याचा त्याचा निर्णय त्या काळी अनेकांना अनाकलनीय वाटला असल्यास नवल नाही. त्याचे नाव ज्यूडा हर्श क्वास्टेल. पुढील दशकभरात त्यांनी येथे केलेल्या कामातून मेंदूच्या रसायनशास्त्राचा पाया घातला गेला. आज अल्झायमर, पार्किन्सन्स, हंटिंग्टन या विकारांसंबंधी जगभर जे संशोधन चालते, त्याच्या अनेक वाटा मागे शोधत गेल्यास त्या व्हिटचर्चच्या या प्रयोगशाळेपाशी येऊन पोहोचतात. त्यांपैकी एका वाटेवर एका मराठी विदुषीचे नावही कोरलेले आहे. क्वास्टेल यांचे चरित्र मराठी वाचकांनी जाणून घ्यावे, यासाठी एवढे कारणही पुरेसे ठरावे.

शेफील्डचे मिठाईचे दुकान

क्वास्टेल यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. त्यांचे आईवडील ज्यू होते आणि तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतातील टार्नोपोल या गावातून जेमतेम दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये स्थलांतरित झाले होते. वडील मिठाईचे दुकान चालवत. परक्या भाषेच्या गावात नव्याने संसार मांडणाऱ्या कुटुंबात मुलाच्या शिक्षणाला जे महत्त्व मिळते, ते या घरातही मिळाले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना त्याचे निराळे स्पष्टीकरण नको.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात तरुण क्वास्टेल यांनी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सेवा केली. युद्ध संपल्यावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९२१ मध्ये ते केंब्रिजला फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्याकडे दाखल झाले. पुढे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हॉपकिन्स त्या वेळी जीवरसायनशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप देत होते. सजीव पेशीत घडणाऱ्या रासायनिक क्रिया टप्प्याटप्प्याने उलगडता येतात, ही त्यांची श्रद्धा त्यांच्या प्रत्येक शिष्यात उतरली. क्वास्टेल यांना १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच सुमारास ट्रिनिटी कॉलेजचे फेलोपदही लाभले.

केंब्रिजमध्ये त्यांचा विषय होता जीवाणू. वाढ थांबलेल्या, परंतु जिवंत असलेल्या जीवाणूंवर प्रयोग करताना त्यांनी विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या कार्याचा बारकाईने अभ्यास केला. १९२८ मध्ये वूल्ड्रिज यांच्यासह त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. सक्सिनिक आम्लावर क्रिया करणाऱ्या विकराला मॅलोनिक आम्ल दिले तर ते त्याच जागेवर जाऊन बसते आणि खऱ्या पदार्थाची वाट अडवते. कुलपात हुबेहूब दिसणारी, पण न फिरणारी किल्ली अडकावी, तसा हा प्रकार. विकराला एक क्रियाशील केंद्र असते आणि त्या केंद्रासाठी पदार्थांमध्ये स्पर्धा लागू शकते, ही कल्पना यातून दृढ झाली. आजच्या औषधशास्त्रातील कितीतरी औषधे याच तत्त्वावर चालतात. पुढे १९३७ मध्ये हान्स क्रेब्स यांनी पेशीतील ऊर्जानिर्मितीचे प्रसिद्ध चक्र सिद्ध केले, तेव्हा मॅलोनेटचा हा अडथळा त्यांना कळीचा पुरावा म्हणून उपयोगी पडला. क्रेब्स यांचे ते काम झाले शेफील्डमध्ये, क्वास्टेल यांच्या जन्मगावी.

मनोरुग्णालयातील प्रयोगशाळा

व्हिटचर्चच्या रुग्णालयाचे पहिले वैद्यकीय अधीक्षक एडविन गुडॉल यांनी आरंभापासूनच तेथे प्रयोगशाळेला स्थान दिले होते. मानसिक रोगाला शरीरात कारण असले पाहिजे आणि ते शोधले पाहिजे, असे मानणाऱ्या मोजक्या मनोविकारतज्ज्ञांपैकी ते एक होते. त्या काळात गंभीर मनोरुग्णांसाठी वैद्यकाजवळ देखरेखीपलीकडे फारसे काही नव्हते. शेकडो माणसे वर्षानुवर्षे त्या भिंतींच्या आत राहत. त्यांच्या मेंदूत नेमके काय बिघडले आहे, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी निरोगी मेंदू रासायनिकदृष्ट्या कसा चालतो हे ठाऊक हवे होते. आणि तेच कोणाला ठाऊक नव्हते.

क्वास्टेल यांनी हाच मूलभूत प्रश्न हाती घेतला. जीवाणूंसाठी वापरलेली पद्धत त्यांनी मेंदूच्या ऊतीला लावली. प्राण्याच्या मेंदूचा ताजा अंश काचेच्या छोट्या पात्रात, शरीराइतक्या उबदार द्रावात ठेवायचा, त्याला निरनिराळे पदार्थ पुरवायचे आणि तो किती प्राणवायू घेतो हे मॅनोमीटरच्या नळीतील द्रवाच्या पातळीवरून मोजायचे, अशी ही रीत. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु विश्रांतीच्या स्थितीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. इतक्या खादाड अवयवाचे इंधन कोणते आणि ते जाळण्याची यंत्रणा कोणत्या टप्प्यावर अडते, हे या प्रयोगांतून दिसू लागले.

१९३२ च्या सुमारास क्वास्टेल आणि त्यांचे सहकारी व्हीटली यांनी झोपेची व गुंगीची औषधे तपासली. बार्बिट्युरेट वर्गातील ही औषधे ग्लुकोज, लॅक्टेट, पायरुव्हेट यांचे मेंदूतील ज्वलन मंदावतात, पण सक्सिनेटच्या ज्वलनावर त्यांचा तसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे गुंगी आणणारे औषध पेशीच्या श्वसनसाखळीला सरसकट बंद करत नाही. एका ठरावीक दुव्यावर बोट ठेवते. हा दुवा श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलात आहे, हे पुढील पिढ्यांनी निश्चित केले.

या शोधाला रुग्णालयाच्या वॉर्डात तातडीचा अर्थ होता. त्या काळी काही रुग्णांना औषधाच्या साहाय्याने अनेक दिवस झोपवून ठेवण्याचा उपचार प्रचलित होता आणि तो धोक्याचा होता; त्यात मृत्यूही ओढवत. औषधाने मेंदूचे ग्लुकोजचे ज्वलन मंदावत असेल तर रुग्णाला ग्लुकोज व इन्सुलिन देऊन विषारी परिणाम कमी करता येईल काय, असा विचार क्वास्टेल यांनी केला. रुग्णालयातील डॉक्टर स्ट्रोम-ओल्सेन यांच्यासह त्यांनी तो वापरून पाहिला आणि १९३३ मध्ये त्याचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. काचेच्या पात्रातील मोजमाप आणि खाटेवरचा माणूस यांच्यातील अंतर त्या प्रयोगशाळेत असे काही पावलांचेच होते.

सगळेच प्रयत्न यशस्वी झाले असे नाही. स्किझोफ्रेनियाच्या कॅटाटोनिया या प्रकारात रुग्ण तासन्‌तास एकाच स्थितीत निश्चल राहतो. अशा रुग्णांचे यकृत काही विषारी द्रव्ये निकामी करण्यात कमी पडते काय, याचीही तपासणी क्वास्टेल यांनी केली. त्यासाठी त्यांनी योजलेली चाचणी यकृताच्या कार्याची परीक्षा म्हणून चर्चेत राहिली, पण रोगाचे मूळ त्यातून हाती लागले नाही. मेंदूचे रहस्य एका चाचणीत उलगडणारे नाही, याची जाणीव त्या पिढीला अशाच अनुभवांतून होत गेली.

स्मृतीचे रसायन

१९३६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना मिळाले. चेतातंतूचा संदेश रासायनिक द्रव्यामार्फत पुढे जातो, हे त्यांनी सिद्ध केले होते आणि त्या द्रव्यांत अ‍ॅसिटिलकोलीन अग्रभागी होते. हे द्रव्य मेंदूत तयार कसे होते, हा पुढचा प्रश्न होता. त्याच वर्षी क्वास्टेल, टेनेनबाउम आणि व्हीटली यांनी मेंदूच्या ऊतीत अ‍ॅसिटिलकोलीन तयार होताना प्रयोगपात्रात दाखवले. ते तयार होताच त्याचे विघटन करणारे दुसरे विकर तेथे टपलेले असते. म्हणून त्या विकराला एसेरिन या द्रव्याने रोखून धरावे लागे. पुढील दोन-तीन वर्षांत मान व टेनेनबाउम यांच्यासह त्यांनी हेही दाखवले की या निर्मितीसाठी ग्लुकोज आणि प्राणवायू आवश्यक असतो आणि तयार झालेल्या द्रव्याचा मोठा भाग पेशीत बद्ध स्वरूपात साठवलेला असतो.

त्या वेळी हे काम केवळ मूलभूत शास्त्राचे होते. चार दशकांनी, १९७६-७७ च्या सुमारास, ब्रिटनमधील निरनिराळ्या संशोधकांनी अल्झायमरने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणारे विकर त्यांत लक्षणीयरीत्या घटलेले होते. यातूनच डोनेपेझिलसारखी औषधे पुढे आली. क्वास्टेल यांच्या प्रयोगपात्रात एसेरिन जे काम करत होते, तेच काम ही औषधे रुग्णाच्या मेंदूत करतात. विघटन रोखून उरलेसुरले अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरतात. पुण्या-नाशिकच्या घरांत आज वृद्ध आईवडिलांच्या औषधांच्या डब्यात ही गोळी असते आणि परदेशातील मुले फोनवरून ती वेळेवर घेतली का, हे विचारत असतात. रोग थांबवण्याचे सामर्थ्य या गोळीत नाही. परंतु ओळखीचा चेहरा आणखी काही महिने ओळखीचा राहिला, तरी त्या घरासाठी ते थोडे नसते.

एकच विकर आणि एक मराठी नाव

क्वास्टेल यांच्या कार्डिफमधील कामाचा तिसरा धागा सर्वाधिक गुंतागुंतीचा आहे. १९२८ मध्ये केंब्रिजमध्ये मेरी हेअर यांनी यकृतात टायरमीन या अमाइनाचे ऑक्सिडीकरण करणारे विकर शोधले होते. १९३७ मध्ये पग आणि क्वास्टेल यांनी मेंदूची ऊतीही अनेक अमाइनांचे ऑक्सिडीकरण करते असे कार्डिफहून जाहीर केले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये हर्मन ब्लाश्को, डेरेक रिक्टर व श्लोसमन हे अ‍ॅड्रेनलीन शरीरात निष्क्रिय कसे होते याचा शोध घेत होते. तीन ठिकाणांहून निघालेल्या या वाटा एकाच विकरापाशी मिळाल्या. आज त्याला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतात. मेंदूतील डोपामीन, नॉरअ‍ॅड्रेनलीन व सेरोटोनिन यांची विल्हेवाट हेच विकर लावते.

केंब्रिजच्या त्या गटात लवकरच एक तरुणी दाखल झाली. तिचे नाव कमला भागवत. पुढे त्या कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. थोर लेखिका व लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम यशासह मिळवूनही केवळ स्त्री असल्यामुळे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी तो निर्धाराने आणि अटी स्वीकारून मिळवला, ही कथा मराठी वाचकांना परिचित आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी काय संशोधन केले, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. वनस्पतींतील सायटोक्रोम सी संबंधीचे काम त्यांना डॉक्टरेट देऊन गेले. त्याखेरीज १९३८ मध्ये रिक्टर यांच्यासह आणि १९३९ मध्ये ब्लाश्को व रिक्टर यांच्यासह त्यांचे शोधनिबंध बायोकेमिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी दुसऱ्याचा विषय होता अमाइन ऑक्सिडेज, म्हणजेच कार्डिफमध्ये क्वास्टेल ज्याच्या मागावर होते तेच विकर.

जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले ज्यू शास्त्रज्ञ ब्लाश्को, मुंबईहून आलेल्या कमलाबाई आणि गॅलिशियातून आलेल्या मिठाईवाल्याचा मुलगा क्वास्टेल. मोनोअमाइन ऑक्सिडेजच्या इतिहासाच्या आरंभीच्या पानांवर ही नावे शेजारी शेजारी येतात. या विकराला रोखणारी औषधे पुढे नैराश्यावर वापरली गेली आणि सेलेजिलीन, रासाजिलीन ही औषधे आज पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतील डोपामीन टिकवण्यासाठी दिली जातात.

बाळाच्या टाचेचा थेंब

१९३४ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर अस्ब्योर्न फोलिंग यांना एका मातेच्या दोन मतिमंद मुलांच्या मूत्रात फिनाइलपायरुविक आम्ल सापडले. मतिमंदत्वाचा एक प्रकार रक्तातील रसायनाशी जोडला गेल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. इंग्लंडमध्ये आनुवंशिकीचे अभ्यासक लायनेल पेनरोज यांनी अशा रुग्णांचा शोध सुरू केला. १९३७ मध्ये पेनरोज आणि क्वास्टेल यांनी मिळून या विकाराच्या चयापचयाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला फिनाइलकीटोन्युरिया हे नाव दिले. तेच नाव आजही जगभर वापरले जाते.

या विकारात अन्नातील फिनाइलॲलनीन या अमिनो आम्लावर प्रक्रिया करणारे विकर नीट काम करत नाही. आम्ल साचत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी या अमिनो आम्लाचे प्रमाण कमी असलेला आहार देऊन एका बालिकेत सुधारणा घडवून आणली आणि लवकर निदान झाल्यास मेंदू वाचवता येतो हे पुढे सिद्ध झाले. वेल्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरी मूल जन्मले आहे, त्यांना पाचव्या दिवसाच्या सुमारास सुईण घरी येऊन बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेते हे आठवत असेल. त्या कागदावर तपासल्या जाणाऱ्या विकारांपैकी हा एक आहे.

माती, तण आणि पुन्हा मेंदू

१९४० मध्ये क्वास्टेल यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. परंतु युद्धाने त्यांच्या संशोधनाची दिशाच बदलली. समुद्रमार्ग धोक्यात आल्याने ब्रिटनला आपले अन्न आपणच पिकवणे भाग होते. १९४१ मध्ये क्वास्टेल यांच्याकडे शेती संशोधन परिषदेच्या मृदा चयापचय विभागाची जबाबदारी आली. मेंदूचा अभ्यासक मातीकडे वळला. पण मातीकडेही त्यांनी एका जिवंत ऊतीप्रमाणेच पाहिले. मातीच्या स्तंभातून द्राव सतत फिरवत ठेवून तिच्यातील जीवाणू नायट्रोजनाचे काय करतात, हे मोजण्याची पद्धत त्यांनी लीस यांच्यासह विकसित केली. याच काळात रोथॅमस्टेडच्या नटमन व थॉर्नटन यांच्यासमवेत केलेल्या कामातून २,४-डी या तणनाशकाचा गुण पुढे आला. हे संशोधन युद्ध संपेपर्यंत गुप्त ठेवण्यात आले. महाराष्ट्रातील गहू व ऊस पिकवणारा शेतकरी टू-फोर-डी म्हणून ज्या औषधाची फवारणी करतो, त्याच्या अनेक जनकांपैकी एक क्वास्टेल होते.

१९४७ मध्ये ते कॅनडातील माँट्रिऑल येथे मॅक्गिल विद्यापीठात गेले. आईवडिलांप्रमाणे त्यांनीही समुद्र ओलांडून नवा देश स्वीकारला. तेथे मेंदू, कर्करोग आणि विकरे या विषयांवर त्यांनी संशोधकांच्या अनेक तुकड्या घडवल्या. १९५५ मध्ये एलियट व पेज यांच्यासह संपादित केलेला त्यांचा चेतारसायनशास्त्रावरील ग्रंथ या नव्या शाखेच्या पायाभूत ग्रंथांत गणला जातो. १९६६ मध्ये, निवृत्तीच्या वयात, ते व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात चेतारसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि उतारवयातही काम करत राहिले. १९७० मध्ये कॅनडाने त्यांना आपल्या सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी एक असलेला ऑर्डर ऑफ कॅनडा बहाल केला. ऑक्टोबर १९८७ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूपूर्वी काही वर्षे एक विलक्षण घटना घडली होती. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक ताठर, निश्चल झाले. त्यांना पार्किन्सन्सची सर्व लक्षणे होती. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी हा अशुद्ध घटक निघाला. तो मेंदूत गेल्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचे विषात रूपांतर करते आणि ते विष डोपामीन तयार करणाऱ्या पेशींत शिरून श्वसनसाखळीचे पहिले संकुल बंद पाडते, असे तपासात निष्पन्न झाले. विकर तेच, ज्याचा माग पग व क्वास्टेल यांनी १९३७ मध्ये कार्डिफमध्ये काढला होता. आणि श्वसनसाखळीचा दुवा तोच, ज्यावर गुंगीची औषधे बोट ठेवतात असे १९३२ मध्ये दिसले होते. एकाच माणसाचे दोन वेगळे शोध अर्ध्या शतकानंतर एकाच रुग्णाच्या मेंदूत एकत्र आले.

व्हिटचर्चचा वारसा

क्वास्टेल गेल्यानंतरही व्हिटचर्चची प्रयोगशाळा ओस पडली नाही. युद्धोत्तर काळात तेथील संशोधनाची धुरा डेरेक रिक्टर यांनी सांभाळली. हे तेच रिक्टर, ज्यांच्यासह कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये काम केले होते. रिक्टर यांच्या व्हिटचर्चमधील सहकाऱ्यांत एम. के. गायतोंडे हे नाव येते आणि ते आडनाव आपल्याला परके नाही. किरणोत्सर्गी गंधक असलेले मेथिओनीन हे अमिनो आम्ल वापरून गायतोंडे व रिक्टर यांनी मेंदूतील प्रथिनांचा मागोवा घेतला आणि १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रौढ मेंदूतील प्रथिने म्हणजे एकदा रचलेल्या आणि मग तशाच राहणाऱ्या विटा, अशी समजूत होती. प्रत्यक्षात ती सतत मोडली जातात आणि सतत नव्याने घडवली जातात, असे या प्रयोगांनी दाखवले.

आजच्या संशोधनाचा केंद्रबिंदू नेमका येथे आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट आकारात दुमडली गेली तरच आपले काम करते. नऊवारी नेसताना एखादी निरी चुकली तर सगळाच घोळ बिघडतो, तसे साखळीची एक घडी चुकली की प्रथिनाचे होते. पेशी अशी बिघडलेली प्रथिने एकतर दुरुस्त करते किंवा मोडून टाकते. वय वाढते, आनुवंशिक दोष असतो किंवा पेशीला ऊर्जा कमी पडते, तेव्हा ही व्यवस्था तोकडी ठरते आणि बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ लागतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा आणि टाउ, पार्किन्सन्समध्ये अल्फा-सायन्यूक्लिन, हंटिंग्टनमध्ये हंटिंग्टिन या प्रथिनांचे असेच होते. चेतापेशी बहुतांशी आयुष्यभरासाठी एकदाच मिळतात, त्यामुळे तेथील नुकसान भरून निघत नाही.

क्वास्टेल यांनी प्रथिनांच्या चुकलेल्या घडीवर संशोधन केले नव्हते. त्यांच्या कार्डिफच्या काळात एकाही प्रथिनाचा त्रिमितीय आकार ज्ञात नव्हता. तो प्रथम कळला १९५८ मध्ये. तरीही त्यांच्या कामाचे धागे येथवर पोहोचतात. श्वसनसाखळीचे पहिले संकुल रोखणारे रोटेनोन प्राण्यांना दिले असता त्यांच्या चेतापेशींत अल्फा-सायन्यूक्लिनच्या गुठळ्या होतात, असे २००० च्या सुमारास दिसून आले. त्यांनी केंब्रिजमध्ये अभ्यासलेले मॅलोनेट आज हंटिंग्टनसदृश इजा प्राण्यांच्या मेंदूत घडवून तिचा अभ्यास करण्यासाठी वापरले जाते. पेनरोज यांच्यासह त्यांनी ज्याला नाव दिले, त्या फिनाइलकीटोन्युरियातही अनेक रुग्णांमध्ये मूळ दोष विकराची घडी नीट न बसण्याचा असतो, हे आता समजले आहे.

कार्डिफनेही हे काम सोडलेले नाही. १९९३ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय गटाने हंटिंग्टन रोगाचे जनुक शोधले, त्यात कार्डिफचे आनुवंशिकी तज्ज्ञ पीटर हार्पर यांचा गट सहभागी होता. २००९ मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या ज्युली विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालील संशोधनाने अल्झायमरशी संबंधित दोन नवी जनुके पुढे आणली. त्यांपैकी एक क्लस्टरिन हे प्रथिन तयार करते आणि हे प्रथिन पेशीबाहेर बिघडलेल्या प्रथिनांना धरून ठेवण्याचे काम करते. २०१७ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय डिमेन्शिया संशोधन संस्थेचे एक केंद्रही या शहरात आहे.

आपल्या समाजात आजही आजी विसरू लागली तर ते वयाचे म्हणून सोडून दिले जाते, आणि घरातल्या कोणाचे मन बिघडले तर ते शेजाऱ्यांपासून लपवले जाते. एकात उपचाराची वेळ निघून जाते, दुसऱ्यात माणूस एकटा पडतो. मेंदू हाही हृदय किंवा यकृत यांच्यासारखा एक अवयव आहे, त्याचा बिघाड हा कोणाचा दोष नसून त्याचा शोध घेता येतो, हे गृहीत धरून क्वास्टेल यांनी आपल्या उमेदीची अकरा वर्षे एका मनोरुग्णालयात घालवली. तेथील बहुतेक रुग्णांना त्यांच्या हयातीत त्या शोधांचा लाभ मिळाला नाही. त्यांच्या नंतर आलेल्यांना मिळाला आणि मिळत आहे.

व्हिटचर्चच्या त्या रिकाम्या इमारतीवरून जाण्याचा योग आला, तर जलमनोऱ्याकडे पाहताना कार्डिफच्या मराठी रहिवाशांनी एवढे आठवावे. ज्या वास्तूचे नाव लोक कुजबुजत घेत, तिच्या एका खोलीत मेंदूचे अंश काचेच्या पात्रांत श्वास घेत होते आणि एक स्थलांतरिताचा मुलगा त्यांचा प्रत्येक श्वास मोजत बसला होता.